ऊन विकत घेणारे: सुट्टी, गोल्फ आणि पाण्याचा हिशेब
(शिरोळ इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलंय. उसाच्या तालुक्यात येऊन हा माणूस गोल्फवर काय बोलणार? सांगतो. गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. याच तालुक्यातला मुलगा, आता पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. साहेबांच्या नादानं गोल्फ शिकला. म्हणाला, "सर, आम्ही चौघं डिसेंबरात परदेशी जायचं म्हणतोय. समुद्र, छान ऊन आणि रोज गोल्फ. तुम्ही इतिहासवाले, कुठं जाऊ सांगा." मी म्हटलं, थोडा वेळ दे. आजचं भाषण म्हणजे त्याला द्यायचं उत्तर आहे, तुमच्यासमोर दिलेलं.

त्याच्या वाक्यात मी एका शब्दावर अडकलो. "छान ऊन." आपल्या भाषेत उन्हाला छान कोण म्हणतं? आपल्याला ऊन लागतं, ऊन बाधतं. कष्ट केलेला माणूस उन्हातान्हात राबलेला असतो. अनुभवी माणूस म्हणतो, माझे केस उन्हात पांढरे झाले नाहीत. फार तर थंडीत सकाळचं कोवळं ऊन आपण अंगावर घेतो, तेही अंगणात, फुकट. ऊन मिळावं म्हणून तिकीट काढून जायचं, ही कल्पना आपल्या मातीतली नाही. ती थंड, ओल्या, ढगाळ देशातल्या माणसांची आहे. ती आपल्यापर्यंत कशी आली, हे पाहू.

सुरुवात घरापासून, म्हणजे कोल्हापूरपासून करू. १८७० च्या उन्हाळ्यात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला निघाले. वय अवघं वीस. सुएझचा कालवा खुला होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. बरोबर कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी होता. महाराजांनी इंग्रजीत रोजनिशी ठेवली, आणि ती वेस्टनं १८७२ साली लंडनमध्ये छापली. इंग्लंडचा उन्हाळा त्यांनी पाहिला, व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. परतीची वेळ आली ती हिवाळ्याच्या तोंडावर. तिकडे फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलेलं, पॅरिसला वेढा पडलेला. फ्रान्समधली नेहमीची वाट बंद. मग बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्सचा डोंगरी मुलूख ओलांडून इटलीत उतरायचं ठरलं, तेही नोव्हेंबरात. त्या थंडीत महाराजांची तब्येत ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला.

परक्या शहरात दहनाची परवानगी मिळवावी लागली. बरोबरच्या मंडळींनी जागा निवडली ती आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर. आपण नरसोबाच्या वाडीची माणसं. संगमच का, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तिथे आज छत्री आहे, छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

हे मी का सांगितलं? ज्या दिशेनं महाराज निघाले होते, त्याच दिशेनं त्या काळी इंग्लंडमधली सुखवस्तू माणसंही हिवाळ्यात निघत. उत्तरेतून दक्षिणेकडे, थंडीतून उन्हाकडे. दक्षिण फ्रान्समधलं नीस, इटलीचा किनारा ही त्यांची हिवाळी ठिकाणं. डॉक्टर छातीच्या रोग्यांना तिकडे पाठवत. आणि हीच माणसं हिंदुस्थानात आली की नेमकं उलटं करत, उन्हातून पळून डोंगरावर जात. मुंबई सरकारचा मुक्कामच ऋतूप्रमाणे हलायचा. थंडीत मुंबई, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणं. 'सीझन' हा शब्द आज आपला हॉटेलवाला वापरतो, त्याची मुळं इथे आहेत.

महाबळेश्वरचं एक कागदपत्र मात्र लक्षात ठेवा. १८२८ साली गव्हर्नर माल्कमच्या पुढाकारानं तिथे गोऱ्यांची वस्ती सुरू झाली. पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ती जागा कंपनीनं घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. तिथे चिनी कैदी ठेवले होते, साहेबांच्या टेबलावरचा भाजीपाला ते पिकवत. म्हणजे आपल्या भागातलं पहिलं मोठं सुट्टीचं ठिकाण उभं राहिलं ते जमिनीच्या अदलाबदलीवर आणि कैद्यांच्या मेहनतीवर. पाहुण्याला दिसते ती थंड हवा. करार आणि कैदी दिसत नाहीत.

आता गोल्फ. हा खेळ वाढला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर. समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा असतो, त्याला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. या जमिनीत पीक येत नाही. गवत आपोआप उगवतं, मेंढ्या ते चरून आखूड ठेवतात, पाणी आभाळ देतं. थोडक्यात, मूळचा गोल्फ हा पडीक जमिनीवरचा, फुकटच्या पाण्यावरचा खेळ. कुणाचं शेत त्यासाठी गेलं नाही, कुणाची विहीर आटली नाही.

स्कॉटिश व्यापारी आणि फौजेतले अधिकारी जिथे गेले, तिथे त्यांनी हा खेळ नेला. कलकत्त्यात १८२९ साली क्लब निघाला, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईत १८४२ साली. लक्षात घ्या, युरोपच्या मुख्य भूमीवरचा पहिला क्लब १८५६ चा, फ्रान्समधल्या पो या गावचा. म्हणजे फ्रान्सच्या आधी गोल्फ आपल्या मुंबईत आला. पो हे हिवाळी उन्हासाठी इंग्रजांनी निवडलेलं गाव. त्याच वाटेनं १८८८ साली बियारिट्झ या समुद्रकाठच्या गावात मैदान झालं. ऊन, समुद्र आणि गोल्फ ही माझ्या विद्यार्थ्याची तिन्ही कलमं तिथे एकत्र आली.

मग या सुट्टीला वाहन मिळालं. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, रेल्वे दक्षिणेकडे गेली आणि हुआ हिन या किनाऱ्यावर १९२३ साली रेल्वेचं हॉटेल आणि १९२४ साली गोल्फचं मैदान झालं. पुढे विमानं आली. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर १९६५ साली फारोचा विमानतळ सुरू झाला आणि १९६६ साली तिथलं पेनिना हे मैदान खुलं झालं. ते आखलं इंग्लंडचे नामवंत खेळाडू हेन्री कॉटन यांनी. जागा कसली होती? भाताची खाचरं! पाणथळ जमीन. ते पाणी शोषून घ्यायला त्यांनी झाडं लावली, थोडीथोडकी नव्हेत, अक्षरशः जंगल. पाणथळ जमिनीचा निचरा करायचं दुखणं आपल्या तालुक्यालाही ठाऊक आहे. आपण जमिनीखाली पाइप टाकतो, त्यांनी झाडं लावली.

इथे गोष्ट फिरते. पावसाच्या देशातला खेळ उन्हाच्या देशात आला. ऊन हवं म्हणजे पाऊस नको. आणि गवत तर हिरवंगारच हवं. मग पाणी कुठून आणायचं?

हिशेब मांडू, आपल्याला हिशेबाची सवय आहे. १८ होलच्या मैदानाला साधारण सव्वाशे ते दीडशे एकर जागा लागते. स्पेनसारख्या कोरड्या भागात अशा मैदानाला वर्षाला ढोबळमानानं तीन लाख घनमीटर पाणी लागतं. म्हणजे तीस कोटी लिटर. ऐकून डोळे विस्फारले ना? आता दुसरी बाजू ऐका. मोकाट पाणी दिलेला ऊस एकराला वर्षाकाठी आठ हजार घनमीटरच्या आसपास पाणी घेतो. म्हणजे त्या अख्ख्या मैदानाच्या पाण्यात आपला ऊस भिजेल जेमतेम ३५ ते ४० एकर. एकराच्या मापानं पाहिलं तर गोल्फपेक्षा आपला ऊसच कितीतरी जास्त पितो. (हशा) हसू नका, हे माझ्याही रानाला लागू आहे. त्या जास्तीच्या पाण्यानंच आपल्या जमिनी क्षारपड झाल्या. तेव्हा गोल्फवाल्याला पाण्याचा चोर म्हणण्याआधी आपण आपल्या मोटारीकडे बघावं.

मग गोल्फच्या मैदानात अडचण कुठे आहे? माझ्या मते दोन ठिकाणी. एक, पाणी कधी लागतं. पाहुणे येतात कोरड्या ऋतूत, आणि गावच्या विहिरी तळाला जातात त्याही त्याच ऋतूत. दुसरं, जमीन कुणाची, आणि तिच्याबद्दल विचारलं कुणाला.

दुसऱ्या मुद्द्यासाठी पोर्तुगालला जायची गरज नाही. आपण बांद्याच्या वाटेनं गोव्याला जातो. तेरेखोल नदीच्या मुखाशी, उत्तर काठावर तेरेखोलचा किल्ला आहे. तीन बाजूंना पाणी आणि महाराष्ट्र, पण गाव गोव्याचं. १७४६ साली पोर्तुगीजांनी हा किल्ला सावंतवाडीकरांकडून घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्याच किल्ल्यावर तिरंगा फडकावला. आणि या शतकात त्याच चिमुकल्या गावात आलिशान हॉटेल आणि गोल्फचं मैदान उभारायचा घाट घातला गेला. जमीन भाटकाराकडून विकत घेतलेली होती. पण पिढ्यानपिढ्या काजू राखणारी कुळं म्हणाली, आमचा हक्क कुठे गेला? गाव दुभंगलं. काहींना रोजगार हवा होता, काहींना झाडं. प्रकरण कोर्टात गेलं. दोन्ही बाजूंची माणसं गरजूच होती, हे विसरून चालणार नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, तिथल्या किनारी गावांतही याच प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. १८२९ च्या करारात महाबळेश्वरच्या रहिवाशांना कुणी विचारलं नव्हतं. तेरेखोलच्या माणसांनी निदान विचारायला लावलं. दोनशे वर्षांत एवढा फरक पडला, आणि तो कमी नाही.

तर मंडळी, त्या मुलाला मी काय सांगणार? जाऊ नको, असं नाही सांगणार. ज्याच्या बापानं जन्मभर उन्हात ऊस तोडला, त्याच्या पोरानं हौसेनं उन्हात चार दिवस खेळावं, याचा मला आनंदच आहे. मी त्याला तीन गोष्टी सांगेन.

पहिली, ऋतू बघ. राजाराम महाराजांच्या प्रवासात ऋतू आणि युद्ध या दोन्ही गोष्टी आड आल्या. डिसेंबरात पोर्तुगालचा किनारा सौम्य असतो, पण पाऊसही तेव्हाच. तुर्कस्तानात बेलेकला जायचं तर वसंत किंवा शरद बरा. मॉरिशसला डिसेंबरात उन्हाळा, आणि पुढे वादळांचे महिने. हुआ हिनला मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडी, बरी हवा. चौघांना पहिल्यांदाच जायचं तर मी तिकडेच पाठवीन. लांबही नाही.

दुसरी, कागद आणि खर्च आधी विचार. युरोपला शेंगेन व्हिसा लागतो, त्याचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तिथली काही मैदानं हँडिकॅपचा दाखला मागतात. काठ्यांची पिशवी विमानात कशी आणि किती पैशांत जाईल, ते तिकीट काढतानाच विचार. थायलंडमध्ये बहुतेक मैदानांवर कॅडी घ्यावाच लागतो, आणि बहुतांशी त्या बायका असतात. त्यांची बक्षिसी खर्चात आधीच धर. दिवसभर उन्हात तुझी पिशवी तीच बाई वागवणार आहे, आणि तिच्यासाठी ते ऊन 'छान' नाही.

तिसरी, बुकिंग करताना एक प्रश्न विचार. मैदानाला पाणी कुठलं देता? हा आगाऊपणा नव्हे. दक्षिण स्पेनमध्ये कितीतरी मैदानं शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात आणि ते अभिमानानं सांगतात. जो सांगेल त्याच्याकडे जा. जो टाळेल, त्याच्याबद्दल काय ते समज.

२००५, २०१९, २०२१, तीनदा पाणी आपल्या दारात आलं. आणि मार्च-एप्रिलात नदीचं तळ दिसतं, तेही आपणच पाहतो. पाण्याचा हा प्रश्न विचारायचा अधिकार शिरोळच्या माणसाला नाही तर कुणाला?

त्या मुलाला मी आज रात्री फोन करणार आहे. एक विनंतीही करणार आहे. कधी युरोपला गेलास, तर वाट वाकडी करून फ्लॉरेन्सला जा, त्या संगमावर. आपल्या मुलखातून निघालेला वीस वर्षांचा एक तरुण तिथून परत आला नाही. दोन मिनिटं उभा राहा, आणि मग जा तुझ्या उन्हाकडे.