काळं पडलेलं तेल

१९८२ साली मी उपकेंद्रात लागलो तेव्हा यार्डात १३२ केव्हीचे मिनिमम ऑइल ब्रेकर होते. लाइनवर फॉल्ट आला की ब्रेकर प्रवाह तोडे आणि त्याचे संपर्क सुटताना आर्क पेटे. तिच्या उष्णतेने तेलातून हायड्रोजन निघे आणि तोच वायू आर्क विझवी. किती सुंदर युक्ती! पण काही फॉल्ट तोडले की तेल काजळीसारखं काळं पडे. मग ब्रेकरचा पोल रिकामा करायचा, जळके संपर्क घासायचे, गाळलेलं तेल भरायचं. आगीची धास्ती कायमच.

हवेच्या झोताने आर्क विझवणाऱ्या एअर ब्लास्ट ब्रेकरला आगीची भीती नाही, पण कंप्रेसर जपावा लागे आणि ट्रिपचा आवाज तोफेसारखा.

मग एसएफ-६ वायूचा ब्रेकर आला. शांत, वर्षानुवर्षं न उघडता चालणारा. माझ्या मते यांतला सर्वोत्तम. मात्र हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट तापमानवाढ करतो. तरुण मित्रांनो, गळतीची दुरुस्ती उद्यावर ढकलू नका.