डिलको

गुंजवण्यात पावसाळ्यात एखादी जुनी गाडी बंद पडली की गावातलं पोरगं अजून मला हाक मारायला येतं. गेल्या श्रावणात एक पांढरी प्रीमियर पद्मिनी अशीच अडली. मालक चोर दरवाज्याच्या वाटेनं राजगडावर जाऊन चिंब भिजून उतरले होते. पद्मावती माची पाहून झाली, पण खाली पद्मिनी काही हलेना. "आबा, सेल्फ मस्त फिरतोय, पण स्टार्ट होत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग बॅटरीला नावं ठेवू नका. डिलको बघू."

डिलको म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. हा शब्द मी 1974 साली कुर्ल्यात शिकलो. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना तिथलाच, आणि मूळच्या फियाट 1100 ला पद्मिनी हे नाव त्याच सुमारास मिळालं. मी जवळच्या एका गॅरेजात हेल्पर. उस्ताद डिलको म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. तो अमेरिकेतल्या डेटन गावच्या एका कंपनीच्या नावातल्या आद्याक्षरांचा शब्द आहे, हे फार उशिरा कळलं. चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या भागीदारानं 1909 साली ती काढली. कॉइलवर चालणारं इग्निशन आणि 1912 च्या कॅडिलॅकमधला सेल्फ स्टार्टर ही तिचीच कामगिरी. कंपनीचं नाव आपल्याकडे एका पार्टला चिकटलं आणि गॅरेजागॅरेजात रुळलं.

त्या पार्टचं काम साधंच. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमध्ये जातात. सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा संपर्क, उघडला की कॉइल हजारो व्होल्टचा झटका देते आणि डिलकोतला रोटर तो ज्या त्या प्लगला वाटतो. पॉइंटमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर. कंडेन्सर गेला तर पॉइंट जळतात आणि ठिणगी पिवळी, मरतुकडी पडते.

उस्तादांची शिस्त कडक होती. अंदाजानं पार्ट बदललेला त्यांना खपायचा नाही. हत्यार काय, तर होल्डरमधला एक बल्ब आणि दोन वायरी. एक टोक बॉडीला लावायचं. चावी चालू करून दुसरं टोक कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला लावायचं. बल्ब लागला, म्हणजे तिथवर करंट आहे. मग ते पॉइंटकडच्या टोकाला लावून सेल्फ मारायचा. बल्बची उघडझाप झाली, म्हणजे पॉइंट काम करतोय. मग कॉइलकडून डिलकोला जाणाऱ्या मेन लीडची ठिणगी बघायची. निळी हवी.

त्या दिवशी पद्मिनीत हे सगळं ठीक निघालं. म्हणजे दोष त्याच्या पुढे. डिलकोची कॅप काढली तर आत घाम आलेला. ठिणगी प्लगला जायच्या आधी ओलीवरूनच पसार होत होती. कोरड्या फडक्यानं कॅप आणि रोटर पुसला, आणि गाडी लागली.

पण हेडलाइट मिणमिणते. इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही डोळे मिचकवायचा. ही खराब अर्थची खूण. करंट बॅटरीतून निघतो, तसा बॉडीतून बॅटरीला परतावा लागतो. जायची वाट सगळे तपासतात, यायची कुणी बघत नाही. बॉडीवरचा अर्थचा बोल्ट गंजला की करंट भलत्याच दिव्यातून वाट काढतो.

हे मी मुंबईपेक्षा वेल्ह्यात जास्त शिकलो. गावी परतल्यावर मार्गासनी-नसरापूर रस्त्यावरच्या वडापच्या जीपा माझ्याकडे यायच्या. त्या डिझेलच्या. डिझेलला प्लगची ठिणगीच लागत नाही, म्हणून डिलकोही नाही. माझं निम्मं शिक्षण वाया गेलं. उरले दिवे, हॉर्न, सेल्फ, डायनॅमो, आणि चार महिने चिखलपाणी खाणारी अर्थ. पुढे पेट्रोल गाड्यांतही पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता पोरं स्कॅनर लावतात, तो बिघाड सांगतो. त्यात वाईट काही नाही. पण गंजलेला बोल्ट त्यांनाही हातानंच घासावा लागतो.

म्हणून जुनी गाडी घेऊन गडाच्या पायथ्याला येत असाल, तर कोरडं फडकं, पॉलिशपेपर आणि दोन वायरींचा बल्ब जवळ ठेवा. नवी कॉइल विकत घेण्याआधी अर्थचा बोल्ट एकदा घासून बघा.