उपास, उपासमार आणि अवधान

व्रत म्हणून अन्न वर्ज्य करणे तो उपास. घरात दाणा नाही म्हणून अन्नावाचून राहणे ती उपासमार. आणि या दोन्ही अवस्थांतील मनुष्य मराठीत उपाशीच म्हणविला जातो. मूळच्या संस्कृत शब्दाचा अर्थ मात्र ‘जवळ राहणे’ असा आहे. उपास्याच्या सन्निध राहण्याला, म्हणजे अवधानाच्या एका विशिष्ट दिशेला, तेथे प्राधान्य होते. अन्नत्याग हे त्याचे साधन. भाषेच्या ओघात साधन तेवढे शब्दात उरले व दिशा मागे पडली. ही दिशा लक्षात घेतल्यावाचून आहारविकृतीचे स्वरूप उलगडत नाही.

नांदेड जिल्ह्यातील भोकर हे तालुक्याचे गाव. येथून किनवटमार्गे माहूरला जाता येते. रेणुकेच्या त्या क्षेत्रामुळे या प्रदेशात नवरात्राच्या उपासाचे महत्त्व मोठे. एकादशी व महाशिवरात्र तर घरोघरच्या. या व्रतांत भूक नाहीशी होत नाही; ती जाणवते, परंतु मन तिच्यापलीकडे लावलेले असते. शिवाय प्रत्येक व्रताला पारणे असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन करणारा व मुळीच न जेवणारा या दोघांनाही योग नाकारला आहे, आणि इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत त्याचे मराठी विवरण आले आहे. अर्थात मर्यादेचे भान हे परंपरेचेच अंग होय.

उपासमारीची गोष्ट निराळी. इ. स. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर गेले. सुकडी आणि मिलो हे शब्द तेव्हापासून लोकांच्या स्मरणात राहिले. अशा भुकेत अवधान अन्नाकडेच ओढले जाते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी इ. स. १९४४–४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगात याचा पडताळा आला. चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलेल्या या तरुणांचे विचार व संभाषण अन्नाभोवती फिरू लागले. काहींनी पाककृतींची पुस्तके जमविली. यावरून असे दिसते की, आहारविकृतीच्या रुग्णातील अन्नाचा ध्यास हा काही अंशी उपासमारीचाच परिणाम असतो. त्यास केवळ स्वभावदोष मानणे युक्त नव्हे.

तिसऱ्या अवस्थेला मात्र मराठीत रूढ शब्द नाही. इ. स. १८७३ मध्ये पॅरिसमध्ये लासेग यांनी व लंडनमध्ये गल यांनी तिचे वर्णन केले. गल यांनी पुढे रूढ केलेल्या ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होजा’ या नावाचा अर्थ मज्जाजन्य क्षुधानाश असा होतो. पण या रोगात भूक बहुधा नष्ट झालेली नसते. इ. स. १९६२ मध्ये हिल्डे ब्रुख यांनी या विचाराला वळण दिले. स्वतःच्या देहाची विपरीत प्रतिमा, भूक व थकवा यांसारख्या अंतःस्थ संवेदनांची यथार्थ ओळख न पटणे आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही खोल भावना, अशी तीन लक्षणे त्यांनी सांगितली. रुग्णाचे लक्ष स्वतःवर अहोरात्र खिळलेले असते, तरी आत्मभान क्षीण असते; पाहणे वाढते आणि जाणणे घटते. इ. स. १९९१ मध्ये हेदरटन व बाउमायस्टर यांनी अनावर खाण्याविषयी असे प्रतिपादन केले की, असह्य झालेल्या आत्मभानापासून सुटण्यासाठी अवधान समोरच्या घासापुरते संकुचित केले जाते. एकीकडे अन्नत्याग, दुसरीकडे अतिभक्षण. तथापि दोहोंच्या मुळाशी स्वतःशी असलेला बिघडलेला संबंधच आहे.

भारतीय अनुभव येथे विशेष विचारार्ह ठरतो. इ. स. १९९५ मध्ये खंडेलवाल, शरण व सक्सेना यांनी पाच तरुण स्त्रियांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. अन्न नाकारणे, सततची वांती, वजनातील मोठी घट व मासिक पाळी थांबणे ही लक्षणे त्यांच्यात होती. परंतु देहप्रतिमेची ठरीव विकृती आढळली नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनीही स्थूलतेच्या भयावाचून होणाऱ्या या रोगाकडे लक्ष वेधले होते. म्हणजे ‘लठ्ठ होण्याची भीती वाटते काय?’ एवढाच प्रश्न विचारणारा वैद्य अशा रुग्णास ओळखू शकणार नाही.

भोकरसारख्या गावी हा धोका दुहेरी आहे. कन्येने वारांचे उपास वाढविले तर घराला ते पुण्यकर्म वाटावे, आणि भरल्या घरात कोणी उपाशी राहते हे दुष्काळ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना पटू नये, हे स्वाभाविक आहे. व्रताचा आदर आणि दुष्काळाची स्मृती या दोन्हींच्या आड रोग लपतो. तो ओळखण्याची एक खूण परंपरेतच सापडते. व्रत पारण्याने संपते, दुष्काळ धान्याने ओसरतो. परंतु ताट समोर असूनही ज्याचे पारणे कधीच होत नाही, तो उपास राहिलेला नसतो. तेथे किती खाल्ले याआधी मन कोठे गुंतले आहे, हे विचारले पाहिजे. आणि तो प्रश्न वेळीच विचारला जाण्यावर पुष्कळदा रुग्णाचा जीव अवलंबून असतो.