मातीतली ओल नक्की कोण सांगणार?

माझे वडील पावसानंतर दोन दिवसांनी वावरात जायचे, मूठभर माती घ्यायचे आणि दाबायचे. गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला, की म्हणायचे, "वापसा आलाय, उद्या औत धरा." त्यांचं मॉडेल एवढंच. पण ते आमच्या बांधापुरतं होतं.

हे आठवायचं कारण म्हणजे मोबाईलवर पाहिलेले दोन नकाशे. दोन्ही मातीच्या ओलाव्याचे, दोन्ही त्याच आठवड्याचे. एकात आमचा तालुका हिरवा, दुसऱ्यात तांबडा. पारावर लगेच दोन गट पडले. मी मात्र हे गणित आलं कुठून ते शोधत बसलो. जे सापडलं ते तुमच्याशी बोलावंसं वाटलं, कारण शेवटी हा दुष्काळाच्या यादीचा प्रश्न आहे.

सुरुवात एका बादलीपासून होते. १९६९ साली स्युकुरो मानाबे या शास्त्रज्ञाने हवामानाच्या संगणकीय मॉडेलमध्ये जमीन घातली ती बादलीसारखी. खोली १५ सेंटिमीटर. पाऊस पडला की भरायची, ऊन पडलं की आटायची, भरून वाहिली की तो ओढ्याचा पूर. राजस्थानची वाळू असो की आपली काळी, बादली एकच! हसू नका. याच मानाबेंना पुढे २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या काळच्या संगणकावर तेवढंही खूप होतं.

१९८० च्या दशकात मॉडेलं शहाणी झाली. मातीचे थर आले, मुळं आली, पानांतून उडणारं पाणी आलं. प्रत्येक संस्थेने आपापलं मॉडेल बनवलं. मग प्रश्न आला : यातलं खरं कोणतं?

त्यासाठी १९९२ च्या सुमारास 'पिल्प्स' नावाचा प्रकल्प सुरू झाला. नेदरलँड्समधल्या काबाऊ या ठिकाणची १९८७ सालची मोजमापं, म्हणजे पाऊस, ऊन, वारा सगळं, २३ मॉडेलांना दिली. परीक्षा एक, पेपर एक, आणि उत्तरं मात्र वेगवेगळी. जमिनीतून वाफ किती उडाली यावरही एकमत नाही. पुढे याच धर्तीवर अख्ख्या जगाची तुलना झाली. तिच्या दुसऱ्या फेरीत १९८६ ते १९९५ ही दहा वर्षं घेतली. चौकोन एक अंशाचा, म्हणजे बाजू साधारण ११० किलोमीटर. आपल्या बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ अशा एका चौकोनात मावतं.

या सगळ्यातून एक धडा मिळाला. ओल वाढली की घटली, हे मॉडेलं बऱ्यापैकी एकसारखं सांगतात. पण ओल 'किती' आहे, यावर ती भांडतात. कारण एकाची माती मीटरभर खोल, तर दुसऱ्याची तीन मीटर. रँडल कोस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये स्पष्टच मांडलं, की मॉडेलमधला ओलावा हे शेतात मोजलेलं पाणी नव्हे, ते त्या मॉडेलचं स्वतःचं माप आहे. एकाचा आकडा उचलून दुसऱ्याशी थेट ताडता येत नाही.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. भारी काळ्या जमिनीत वीस टक्के ओल असली तरी पीक माना टाकतं, कारण चिकण माती पाणी सोडत नाही. रेताड जमिनीत तेवढ्याच ओलीवर पीक डोलत असतं.

मग उपग्रह आहेत ना? आहेत. युरोपचा 'स्मॉस' २००९ मध्ये गेला, अमेरिकेचा 'स्मॅप' २०१५ मध्ये. पण त्यांना दिसते ती वरची साधारण पाच सेंटिमीटर माती. तुरीचं मूळ कुठवर जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. खालचं पुन्हा मॉडेलच सांगणार.

आता आपल्याकडे या. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पेरणी, पिकांची उपग्रह-चित्रं आणि पाणीसाठा यांच्याबरोबर मातीतला ओलावा हाही एक निकष आहे. २०१८ मध्ये राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, २०२३ मध्ये पहिल्या यादीत ४० तालुके होते. यादीत असणं म्हणजे वीजबिलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ. नसणं म्हणजे काहीच नाही.

मी मॉडेलांच्या विरोधात नाही. मूठभर मातीवर देशाचा कारभार चालत नाही. २००४ मध्ये डझनभर मॉडेलांच्या तुलनेतूनच कळलं, की जिथे जमिनीची ओल पुढच्या पावसावर असर करते अशा जगातल्या मोजक्या प्रदेशांत भारतही आहे. हे एका शेतात उभं राहून कळलं नसतं.

पण ज्यांनी ही मॉडेलं बनवली त्यांनीच तीस वर्षं एकमेकांची उत्तरं तपासली आणि मर्यादा जाहीरपणे सांगितल्या. आपण मात्र आकडा आला की गप्प बसतो. तसं करू नका. पुढच्या वेळी आकडा आला की तीनच प्रश्न विचारा : कोणत्या मॉडेलचा? कोणत्या सरासरीच्या तुलनेत? आणि आमच्या शिवारात खड्डा खणून कुणी पाहिलं का?

प्रत्यक्ष पाहणी त्या संहितेतच आहे. ती खरंच होते का, ते पाहणं आपल्या हातात आहे. तुमच्या गावात पाहणी झाली होती का? खाली लिहा.