अर्जाची किमान अट : निशाणी नांगरापासून वेब-फॉर्मपर्यंत

अर्ज हा राज्यकर्ते आणि रयत यांच्यातील लेखी व्यवहाराचा सर्वांत साधा प्रकार असला, तरी प्रत्येक अर्जाच्या रचनेत तो भरणाऱ्याविषयीचे एक गृहीतक दडलेले असते : त्याला लिहिता येते, त्याला कचेरीची भाषा कळते, किंवा आजच्या काळात त्याच्या हातातील यंत्र पुरेसे सक्षम आहे. हे गृहीतक जेथे चुकते तेथे अर्जदार आणि कचेरी यांच्यामध्ये तिसरा माणूस येऊन बसतो. भोसल्यांचे राज्य, मध्य प्रांत, जुना मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा पाच व्यवस्थांच्या कचेऱ्या पाहिलेल्या नागपुराच्या संदर्भात हा इतिहास विशेष स्पष्टपणे मांडता येतो.

मराठा काळातील महजरांवर, म्हणजे वादाचा निवाडा साक्षीदारांच्या समक्ष नोंदवणाऱ्या दस्तऐवजांवर, निरक्षर साक्षीदार आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढून संमती देत असत. कुणब्याची निशाणी नांगर, तर न्हाव्याची आरसा. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर ठरली, तेव्हा कारभाराची चौकट बदलली, परंतु लिहू न शकणाऱ्या माणसासाठी ठेवलेली सोय टिकून राहिली. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने, ज्याला आपले नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘सही’ या शब्दात ‘निशाणी’चाही समावेश होतो, अशी व्याख्याच करून टाकली. कागदोपत्री दिसणारे ‘नि. डा. अं.’, अर्थात निशाणी डावा अंगठा, हे संक्षिप्त रूप त्याच परंपरेतले आहे. अर्जाची किमान अट अंगठ्याइतकी खाली ठेवायची आणि ज्याला सही येते त्याने सही करावी, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

भाषेच्या बाबतीत मात्र किमान अट इतकी खाली नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी 1956 पर्यंत नागपूर होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या, त्यामुळे एकाच कारभारात ‘आवेदन’ आणि ‘अर्ज’ हे दोन्ही शब्द नांदत होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही 15 ऑगस्ट 1967 पासून अमलात आल्यावर राज्यभर महसुलाचा एकच कायदा झाला. शेतकऱ्याच्या तोंडी बसलेला ‘सातबारा’ हा शब्द तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन प्रपत्रांच्या क्रमांकांपासूनच बनलेला आहे. प्रपत्रांची भाषा न उमगणाऱ्यांसाठी कचेरीच्या आवारात अर्जनवीस, म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याचा अर्ज लिहून देणारा, बसत असे.

संगणकाच्या जाळ्यावरील अर्जाचा, म्हणजे वेब-फॉर्मचा, प्रारंभ याच किमान अटीच्या तत्त्वावर झाला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्राने 1993 मध्ये मोझॅक हा ब्राउझर आणि अर्जातील मजकूर सर्व्हरवरील प्रोग्रामकडे सोपवणारी सीजीआय ही पद्धत प्रचारात आणली, आणि नोव्हेंबर 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल 2.0 या वेब-पानांच्या रचनेच्या प्रमाणकात फॉर्मची रचना निश्चित झाली. त्या रचनेत प्रत्येक रकान्याला नाव असते, फॉर्म कोणत्या पत्त्यावर पाठवायचा हे फॉर्ममध्येच लिहिलेले असते, आणि बटण दाबताच ब्राउझर रकान्याचे नाव व त्यातील मजकूर यांच्या जोड्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर त्या तपासून उत्तराचे नवे पान परत करतो. याला वापरकर्त्याच्या यंत्रावर ब्राउझरखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामची गरज नसते.

1995 मध्येच नेटस्केप कंपनीने जावास्क्रिप्ट आणली. ही लिपी, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारी आज्ञावली, रिकामा रकाना पान न पाठवताच दाखवून देऊ लागली. ही निःसंशय सोय होती. फेब्रुवारी 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ हे नाव दिलेल्या तंत्रामुळे संपूर्ण पान न बदलता सर्व्हरशी देवघेव करणे रूढ झाले, आणि हळूहळू अनेक रचनाकारांनी फॉर्मचा मूळ पत्ता व मूळ बटण गाळून सगळा भार लिपीवरच टाकला. संथ जोडणीमुळे लिपीची फाइल अर्धवट उतरली किंवा जुन्या ब्राउझरला ती कळली नाही, तर असा फॉर्म डोळ्यांना दिसतो, पण बटण दाबून काहीही घडत नाही.

या प्रवृत्तीवरचे उत्तर आधीच उपलब्ध होते. स्टीव्ह शँपियन यांनी 2003 मध्येच मांडलेल्या त्या विचाराला मराठीत ‘पायरीपायरीने संवर्धन’ म्हणता येईल : आधी लिपीविना पूर्ण होणारा फॉर्म बांधायचा आणि मग त्यावर लिपीची सोय चढवायची. उदाहरणार्थ, नागपूर जिल्ह्यात 14 तालुके आहेत, ज्यांना विदर्भात आजही तहसील म्हणतात. जिल्हा निवडताच तहसिलींची यादी आपोआप भरणे हे लिपीचे काम. परंतु लिपी नसेल तर ‘पुढे’ हे बटण दाबल्यावर सर्व्हरने काटोल, रामटेक, उमरेड, भिवापूर अशी यादी असलेले दुसरे पान द्यावे, इतकी व्यवस्था खाली असली की अर्ज अडत नाही. शिवाय वापरकर्त्याच्या यंत्रावरील लिपी बंद करता येते किंवा बदलता येते, म्हणून मजकुराची अंतिम तपासणी सर्व्हरवर करावीच लागते. किमान अटीची ही बांधणी त्यामुळे सुरक्षिततेच्याही हिताची ठरते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने शासनाकडे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अर्ज करण्यास मान्यता दिली, आणि महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नंतर ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून दाखल्यांचे अर्ज घेतले जाऊ लागले. 2017 च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले, तेव्हा शेतकऱ्यांना गावोगावच्या सेवा केंद्रांचा आधार घ्यावा लागला. अर्जनवीस आता पडद्यासमोर बसला होता. ओळख पटवण्यासाठी ‘आधार’ क्रमांकाशी जोडलेला बोटाचा ठसा यंत्राने ओळखावा लागतो, तेव्हा जो अंगठा एकेकाळी सवलत होता तोच अट बनतो. याउलट 2024 च्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत ऑनलाइन अर्ज करू न शकणाऱ्या स्त्रियांसाठी अंगणवाडीत कागदी अर्जाची वाट ठेवली गेली.

लिपीवाचून चालणारा फॉर्म हा म्हणून मागासलेला नव्हे; निशाणी स्वीकारणाऱ्या महजराचा तो थेट वारस आहे. महजर लिहिणाऱ्या कारकुनाला लेखणी उत्तम येत होती, तरीही त्याने नांगरासाठी जागा सोडली होती.