रिश्ता म्हणजे दोरा : शेवयांचा लांबचा गोतावळा

नांदेड-लातूरच्या आपल्या गटांमध्ये उन्हाळा आला की शेवया, कुरडया, पापडांची गडबड सुरू होते. आज आपण शेवयांचाच इतिहास बघू, पण सुरुवात जरा लांबून करू. भूमध्य समुद्राच्या काठावर लेबनॉन नावाचा छोटा देश आहे. तिथल्या खेड्यांत थंडीच्या दिवसांत मसुरीच्या डाळीत शेवया शिजवून पातळ कढण करतात. त्या कढणाचं नाव ‘रिश्ता’.

हा शब्द ऐकून नांदेडच्या बाईला नवल वाटणार नाही. रिश्ता म्हणजे नातं, सोयरीक. पण मूळ फारसी भाषेत रिश्ता म्हणजे दोरा. दोन माणसांना बांधतो तो दोरा, म्हणून पुढे नात्यालाही तेच नाव पडलं. पिठाच्या बारीक दोऱ्यांनाही इराणात रिश्ताच म्हणतात. तिथून तो शब्द अरबी मुलखात गेला. आपल्याकडे तो निजामाच्या राज्यात पक्का रुजला. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्या राज्यात होता, आणि दरबारात आधी फारसी, नंतर उर्दू चालायची. आपण फक्त नात्याचा अर्थ घेतला. शेवयांना आपलं नाव आधीच होतं.

शेवयांची ही डाळ किती जुनी? १२२६ साली बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं. त्यात रिश्ता आहे. मांस, मूठभर सोललेले हरभरे, अर्धी मूठ मसूर, आणि वरून शेवया. शेवया कशा करायच्या तेही लिहिलंय : पीठ घट्ट मळायचं, पातळ लाटायचं, बारीक कापायचं, लांबी चार बोटं. आपल्या आज्याही बोटांनीच मोजायच्या.

आता आपल्या बाजूला या. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १०२५ साली, चालुक्य दरबारातल्या चावुंडरायाने कानडीत ‘लोकोपकार’ नावाचा ग्रंथ लिहिला. शेती, पाणी, औषधं आणि स्वयंपाक असं सगळं त्यात आहे, आणि शेवया पाडायच्या साच्याचाही उल्लेख आहे. कानडीत शेवयांना ‘शाविगे’ म्हणतात. शब्द सख्ख्या बहिणीसारखा. पुढे या चालुक्यांची राजधानी कल्याणी झाली. म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळं चालुक्यांच्याच काळातली. तेव्हा शेवया आपल्याला परक्या नाहीत. कोणी कोणाकडून शिकलं हा वाद नको. जिथं गहू, कडक ऊन आणि बाईचे हात, तिथं पिठाचा दोरा निघाला.

आपल्याकडे रोजची भाकरी ज्वारीची. गहू सणासुदीचा, म्हणून शेवयाही मानाच्या. गव्हाला ओल द्यायची, दळायचं, वस्त्रगाळ करायचं, पीठ तिंबून मुरू द्यायचं. मग तिरक्या पाटावर हाताने वळून ओढायचं आणि उलट्या बाजेवर वाळत घालायचं. गव्हले, बोटवे, मालत्या, नखुल्या तर लग्नाच्या रुखवतात मांडायच्या. ईदला मुसलमान शेजारणीच्या घरी याच शेवया शीर खुर्म्यात पडतात.

आणि डाळीत शिजणारं पीठ? ती आपली वरणफळं. तुरीच्या फोडणीच्या वरणात पोळीचे तुकडे सोडायचे, वर तुपाची धार. पश्चिमेकडे त्यालाच चकोल्या म्हणतात. लेबनॉनची बाई तुकड्यांऐवजी दोरे कापते, एवढाच फरक.

म्हणून हे कढण आपल्या चुलीवर सहज होतं. चार-पाच जणांसाठी एक वाटी अख्खा मसूर धुवून सात वाट्या पाण्यात मऊ शिजवा. दोन कांदे उभे चिरून तेलात चांगले तांबूस करा. तिकडे ऑलिव्हचं तेल असतं, आपलं करडईचं चालेल. कांदा झाला की पाच-सहा पाकळ्या लसूण आणि मूठभर कोथिंबीर ठेचून त्यातच परता, वर जिऱ्याची पूड. अर्धी वाटी कणीक घट्ट भिजवा, पातळ लाटा, वर पीठ भुरभुरून सुरीने बारीक कापा आणि उकळत्या मसुरीत सोडा. मीठ घाला. वाळलेल्या शेवया असतील तर एक मूठ मोडून टाका. दहा मिनिटांत शिजतं. मधूनमधून हलवा, नाहीतर तळाला लागतं. शेवटी कांद्याची फोडणी ओता. गार होताना घट्ट होतं, म्हणून थोडं गरम पाणी हाताशी ठेवा. वाढताना लिंबू जरूर पिळा. मसुरीत लोह असतं आणि लिंबामुळे ते अंगी लागायला मदत होते. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, तेव्हा ही वाटी पोरांबरोबर आपणही घ्यायची. मागे उरलं तर नव्हे.

आता मुख्य गोष्ट. ग्रंथ चावुंडरायाने लिहिला, पुस्तक अल-बगदादी यांनी लिहिलं. दोघांची नावं राहिली. ज्यांनी हजार वर्षं पीठ तिंबलं, दोरे ओढले, उन्हात राखण केली, त्यांच्यातल्या एकीचंही नाव त्या पानांवर नाही. लेबनॉनमध्येही उन्हाळ्याच्या अखेरीस वर्षाची बेगमी होते. तिला ‘मूने’ म्हणतात. तीही बायकांच्याच हातची. आज तिथल्या खेड्यांतल्या बायकांच्या सहकारी संस्था ती बेगमी भरून विकतात, जसे आपले गट विकतात.

आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झालं. १९९२ साली नाबार्डने देशभरातले ५०० गट बँकांशी जोडायला घेतले. तेव्हापासून कितीतरी गटांचा पहिला धंदा पापड-शेवयांचाच. पण हिशेबाची वही उघडून बघा. गहू लिहिलेला असतो, दळण लिहिलेलं असतं, पिशव्या आणि एसटीचं भाडंही असतं. पहाटेपासून पाटावर बसलेल्या बाईचे तास मात्र कुठंच नसतात. मग भाव काढताना ‘घरचंच तर काम आहे’ म्हणून माल स्वस्तात जातो, आणि नफा झाला असं आपल्यालाच वाटतं.

यंदा आपण सगळ्या गटांनी एक रकाना वाढवू : कोण बसलं, किती तास बसलं. त्या तासांना शेतातल्या मजुरीइतका तरी दर लावू आणि मगच किलोचा भाव ठरवू. त्या भावाला हातशेवया विकल्या जात नसतील, तर मशीनच्या शेवया कराव्यात की नाही हेही बैठकीत मोकळेपणाने बोलू. आणि त्या रकान्यात नाव पूर्ण लिहा. ‘अमक्याची बायको’ नको, तिचं स्वतःचं नाव. पुढं कुणी आपल्या गावच्या शेवयांचा इतिहास लिहायला बसलं, तर ती नावं त्या वहीत सापडली पाहिजेत.