गोदीचे फाटक आणि गुप्त साक्षीदार

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट फुटली. त्या दिवसाच्या हकिकती आम्ही जुन्या गोदी कामगारांकडून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की, बोटीवर चढणाऱ्याची तपासणी कशाला, असा प्रश्न आम्ही कधीच विचारणार नाही. सुमारे चौदाशे टन स्फोटके, आणि त्याच बोटीत कापसाच्या गासड्या! शेकडो माणसे गेली. प्रथम घातपाताचा बोभाटा झाला. चौकशीत निघाला तो अपघात. धोका माल रचण्यात होता, माणसांच्या मतांत नव्हता. एवढे मनाशी ठेवून आमच्याबरोबर सॅन फ्रॅन्सिस्कोच्या बंदरात चला.

जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. ऑगस्टात अमेरिकेत मॅग्नुसन कायदा झाला आणि ऑक्टोबरात अध्यक्ष ट्रूमन यांच्या आज्ञेने बंदरांची राखण तटरक्षक दलाकडे गेली. यापुढे खलाशी असो, आचारी असो की वाढपी, या दलाच्या मंजुरीवाचून त्याला बोटीवर काम मिळेना. ज्याला नाकारले त्याच्या हाती एक छापील पत्र पडे. तुमचे चारित्र्य व राहणी पाहता तुमचे बोटीवर असणे देशाच्या सुरक्षिततेस बाधक होणार नाही अशी दलप्रमुखांची खात्री पटत नाही, असा त्याचा मतलब. आरोप कोणी केला, कुठे आणि कधी घडलेल्या गोष्टीबद्दल, याचा पत्ता नाही. ही भाषा जरा न्याहाळून पाहा. गुन्हा शाबीत झाला असे सरकार म्हणतच नाही. आमची खात्री पटत नाही, एवढेच म्हणते. दुसऱ्याच्या खात्रीविरुद्ध माणसाने पुरावा तरी कोणता आणावा?

अपिलाची सोय होती. मंडळावर तिघे असत: तटरक्षक दलाचा अधिकारी, मालकांचा प्रतिनिधी आणि कामगारांचा प्रतिनिधी. हे शेवटचे नाव लिहिताना आमचा हात अडखळतो. पण खरे ते सांगितले पाहिजे. बहुतेक खलाशी संघटनांच्या पुढाऱ्यांनी या योजनेला मान डोलावली होती. हॅरी ब्रिजेस यांची गोदी कामगारांची संघटना आणि आचारी-वाढप्यांची संघटना विरोधात उभ्या राहिल्या, आणि तडाखाही मुख्यतः त्यांच्याच सभासदांना बसला. आचारी-वाढप्यांत काळे कामगार पुष्कळ होते, हेही येथे नोंदवून ठेवतो.

तरुणपणी आम्हीही एका कारखान्याच्या गेटवर असेच अडलो होतो. कारण विचारले तर रखवालदार म्हणाला, “वरून आलंय.” वर म्हणजे कोण, ते आम्हाला आजतागायत कळलेले नाही.

खलाशी कोर्टात गेले. ‘पार्कर विरुद्ध लेस्टर’ या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. सरकारचे म्हणणे असे की, खबऱ्यांची नावे उघड केली तर खबरी मिळणेच बंद होईल. हे म्हणणे पोकळ नव्हते. अपील न्यायालयाने ऑक्टोबर १९५५ मध्ये निकाल दिला. बंदराची राखण करण्याचा सरकारचा हक्क त्याने नाकारला नाही. पण ज्याची उलटतपासणी करता येत नाही अशा अनामिकाच्या शब्दावर माणसाची रोजी काढून घेता येणार नाही, असे बजावले. पुढे १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका खलाशाच्या दाव्यात मुळावरच बोट ठेवले: माणसांची मते आणि लागेबांधे चाळण्याचा अधिकार या कायद्याने दिलेलाच नाही. (आपल्याकडे मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात, १९७८ साली, बाजू ऐकून घेण्याचा हाच प्रश्न उभा राहिला होता.)

आता त्याच गावच्या विमानतळावर या. २ जानेवारी २००५. स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करणारी एक मलेशियन बाई चाकाच्या खुर्चीत बसून आली आहे, कारण नुकतीच शस्त्रक्रिया झालेली. बरोबर चौदा वर्षांची मुलगी. नाव विमानबंदीच्या यादीत निघाले. मुलीदेखत हातकड्या पडल्या, दोन तास कोठडी झाली. दुसऱ्या दिवशी तिला जाऊ दिले. पण त्याच महिन्यात तिचा व्हिसा रद्द झाला आणि परतीची वाट बंद झाली.

सरकारने वर्षानुवर्षे राज्याचे गुपित म्हणून तोंड उघडले नाही. गुपित निघाले ते असे. नोव्हेंबर २००४ मध्ये एका एफबीआय अंमलदाराने एक फॉर्म भरला. ज्या याद्यांत नाव घालू नये त्यांच्यापुढे खूण करायची होती. त्याने उलटे समजून खुणा केल्या. बस्स, इतकेच! गोदीत खबऱ्या तरी होता. येथे खबऱ्याही नव्हता, नुसती चौकट होती. आणि आपली चूक त्या गृहस्थाला कळली ती २०१३ साली, जबानीच्या वेळी.

जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीश विल्यम ऑलसप यांनी सर्व दप्तरांतून ती चूक खोडून काढण्याचा हुकूम दिला. खटला सॅन फ्रॅन्सिस्कोत चालला. फिर्यादी बाईला तेथे पाऊल ठेवता आले नाही. तिची जबानी लंडनमध्ये नोंदवावी लागली.